विषयांतर

मिनिटमामा चहासुद्धा घड्याळ लावून प्यायचा. खोटं नाही सांगत. उकळायला चार मिनिटं, मुरायला दोन, प्यायला पाच, की लगेच कप विसळून पालथा. सव्वीस वर्षं तो शाळेत निबंध शिकवत होता. पोरं त्याला पाठीमागे मिनिटमास्तर म्हणत. भाची मिनिटमामा म्हणे, आणि तेही तोंडावर. तिला सगळं माफ होतं. त्याने लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण आणि तिची ही मुलगी, एवढाच त्याचा गोतावळा. मेव्हणा तर मुलगी रांगत होती तेव्हाच गेला.

बहीण धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. सकाळी आठला उभी राहायची ती संध्याकाळी सातपर्यंत. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे डगले, कुणाकुणाचे लग्नाचे कोट. आयुष्यात तिने भावाकडे एकच गोष्ट मागितली.

"दादा, हिला तेवढं त्या मोठ्या शाळेत घालून दे. माझ्यासारखा तिचा जन्म वाफेत जायला नको."

त्या शाळेची प्रवेशपरीक्षा भल्याभल्यांना घाम फोडायची. गणितात भाची पक्की होती. घोडं अडायचं ते निबंधापाशी. एक विषय आणि चाळीस मिनिटं. गेल्या वर्षी शेवटची घंटा झाली तेव्हा आमच्या बाईसाहेब दुसऱ्याच परिच्छेदात ढगांचे रंग सांगत बसल्या होत्या. घरात तिला गोगलगाय म्हणत ते काही उगाच नाही. आता ही दुसरी खेप, आणि तिसरी द्यायची नाही असा त्या शाळेचा नियम होता.

मग रोज संध्याकाळी मामाच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. टेबलावर घड्याळ, शेजारी लाल पेन.

"पाच मिनिटं मुद्दे काढायला, तीस लिहायला, पाच तपासायला. सुरुवात, तीन मुद्दे, शेवट. विषय म्हणजे रस्ता. इकडेतिकडे बघायचं नाही, नाकासमोर चालायचं. कळलं का गोगलगायबाई?"

"कळलं. आणि रस्त्यात काही दिसलं तर?"

"तर दिसू दे. परीक्षकाला पाचशे पेपर तपासायचे असतात, त्याला तुझ्या गमतीजमती ऐकायला सवड नसते."

पण पोरगी भरकटायचीच. पहिल्या महिन्यात विषय दिला होता 'माझा आवडता ऋतू'. तिने हिवाळा घेतला, चार ओळी छान लिहिल्या, आणि मग: 'हिवाळ्यात आईला शाल लागते. हल्ली ती शाल उजव्या खांद्यावरून घेत नाही, हात वर होत नाही म्हणते.' मामाने ओळीखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'विषयांतर'.

पुढे 'वाचनाचे फायदे'. त्यात मधेच आलं: 'आई हल्ली डाव्या हाताने इस्त्री करते, त्यामुळे तिला उशीर होतो आणि मी एकटी वाचत बसते.' विषयांतर. मग 'यंत्रे बंद पडली तर'. तिथे तर कहरच झाला: 'इस्त्री बंद पडली तर फार बरं होईल. आई रात्री काखेत हात दाबून बसते. तिथे काहीतरी कडक लागतं, लिंबाएवढं.' मामाने ते वाचलं का? वाचलं, अहो, शब्दन् शब्द वाचला. पण त्याचा एक डोळा घड्याळावर होता. त्या तीन ओळींवर त्याने आडवी फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'विषयांतर. दोन मिनिटे वाया.'

माणूस वाईट नव्हता हो. रविवारी बहिणीकडे जेवायला जायचा, तेव्हा म्हणायचाही, "बारीक झालीस गं."

"दिवसभर उभं राहून काय जाड होईन?" ती हसून म्हणायची आणि डाव्या हाताने त्याला वाढायची. तो मान खाली घालून जेवायचा आणि बाराव्या मिनिटाला हात धुवायचा.

मुलीला मात्र सगळं ठाऊक होतं. आईनेच एका रात्री तिचा हात धरून त्या गाठीवर ठेवला होता आणि म्हणाली होती, "कुणाला सांगायचं नाही. दादाला तर मुळीच नाही. त्याला कळलं तर हातातलं सगळं टाकून तो मला दवाखान्यात नेऊन बसवील, आणि तुझी परीक्षा बोंबलेल. परीक्षा होऊ दे, मग मी आपणहून जाते. तुला माझी शपथ आहे."

आईची शपथ मोडली की आई मरते, असं त्या वयात वाटतं. पोरीने तोंडातून ब्र काढला नाही.

पाचव्या महिन्यापर्यंत ती रुळावर आली. समासातलं लाल अक्षर कमी कमी होत गेलं आणि एक दिवस दिसेनासंच झालं. सुरुवात, तीन मुद्दे, शेवट, आणि घड्याळात बरोबर पस्तीस मिनिटं. त्या दिवशी मामा इतका खूश झाला की चहा प्यायला त्याने आठ मिनिटं घेतली. "शाब्बास! गोगलगाईचा ससा झाला," असं म्हणून त्याने तिची पाठ थोपटली. ती हसली नाही. परीक्षा जवळ आली म्हणून धास्तावली असेल, असं त्याला वाटलं.

परीक्षेत विषय आला 'वेळेचे महत्त्व'. भाचीने तो वेळेत पुरा केला, तपासलासुद्धा. बाहेर आल्यावर तिने पहिलं वाक्य काढलं ते असं: "झाली परीक्षा. आता आईला दवाखान्यात ने."

मामाला आधी काही उमगेना. तिने गाठीचं सांगितलं तेव्हा उमगलं. त्याच दुपारी इस्त्रीच्या टेबलापासून त्याने बहिणीला उचललंच म्हणा ना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तपासण्या करवून त्यांचे कागद पाहिले, आणि त्याला बाहेर बोलावून विचारलं, "इतके दिवस काय करत होतात? सहा महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर काही करता आलं असतं."

निकाल लागला तेव्हा बहीण दवाखान्यात होती. निबंधात चाळीसपैकी अडतीस. मुलीला त्या शाळेत जागा मिळाली. बहिणीने तो कागद उशीखाली ठेवला आणि आल्यागेल्याला काढून दाखवत राहिली. नर्स म्हणाली, "पोरीनं नाव काढलं." त्यानंतर बहीण दोन महिने होती, आणि मग गेली.

भाची मामाकडे राहायला आली. तिच्या कपड्यांना जागा करायची म्हणून त्याने फळी रिकामी करायला घेतली, तर सरावाच्या वह्या हाती आल्या. उभ्या उभ्या त्याने एक उघडली. मग खाली बसला. पानामागून पान उलटत गेला. शाल, डावा हात, लिंबाएवढं. प्रत्येक ठिकाणी त्याचं स्वतःचं अक्षर, लाल आणि वळणदार. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण, आणि तो तिच्यावर फुल्या मारत बसला होता.

भाची दारात येऊन उभी होती.

"मला सांगायचंस तरी ना गं!" तो ओरडला, आणि ओरडताना त्याला रडू फुटलं.

"सांगायचं नाही अशी शपथ होती, मामा. लिहायचं नाही असं आई म्हणाली नव्हती."

मग ती हळूच म्हणाली, "तू खोडत होतास, तेव्हा मला वाटलं की तुला ठाऊकच आहे. आणि ते एवढं महत्त्वाचं नसणार."

मग त्याने उठून टेबलावरचं घड्याळ कपाटात टाकलं, लाल पेन केरात टाकलं आणि तिच्यापुढे कोरी वही ठेवली.

"आईबद्दल लिही."

"किती ओळी?"

"हव्या तेवढ्या. दिवसभर लिही, उद्या लिही. हवी तशी भरकट, बाळ. मी एक अक्षर खोडणार नाही."

तिने मान डोलावली आणि लिहायला बसली. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण सव्वीस वर्षांची खोड ती, जाते कुठे. तिने वही मिटून पुढे केली तेव्हा बरोबर चाळीस मिनिटं झाली होती.

त्याने वाचलं. 'आईला प्रत्येकाच्या जीवनात महत्त्वाचे स्थान आहे. माझी आई कष्टाळू होती. ती प्रेमळ होती. ती वक्तशीर होती.' सुरुवात, तीन मुद्दे, शेवट. शाल नव्हती, इस्त्री नव्हती, हात नव्हता. त्याने पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पाहिलं, कुठे एखादी ओळ तरी वाट सोडून गेली आहे का म्हणून. एकही गेली नव्हती.

"शेवटची पाच मिनिटं तपासायला ठेवली होती," ती म्हणाली. "चुका नाहीत ना?"

"नाहीत," मामा म्हणाला.