विल्होच्या जागी दगड

हेल्मीच्या दारातला बर्फ गेली एकोणीस वर्षं रेयनो काढत होता. या हिवाळ्यात तो नवा शेजारी गॅरेट काढू लागला, आणि रेयनोला अन्न गोड लागेनासं झालं.

अमेरिकेतल्या सुपीरियर तलावावरून वारा सुटला की त्या गावात एका रात्रीत कमरेएवढा बर्फ पडतो, आणि ज्याच्या दारातला बर्फ निघाला नाही तो घरातच अडकून पडतो. म्हणून कोण कोणाची वाट मोकळी करतो, ही तिथे साधी गोष्ट नसते. त्यावरून माणसांचं नातं कळतं. हेल्मी आणि तिचा नवरा विल्हो टेकाडावर राहायचे, रेयनो खाली रस्त्यालगत. रेयनोने लग्न केलं नव्हतं. त्या दोघांच्या टेबलाची तिसरी खुर्ची त्याची, एवढा संसार त्याला पुरला होता.

गॅरेट शरद ऋतूत रेयनोच्या समोरच्या रिकाम्या घरात राहायला आला. तो दक्षिणेकडचा, मोठ्या पुलापलीकडचा. त्या गावात अशा माणसांना, नकाशात ती पुलाच्या खाली येतात म्हणून, ‘पुलाखालचे’ म्हणतात आणि दहा वर्षं झाल्याशिवाय त्यांच्या मताला कोणी किंमत देत नाही. पण त्याच्या ट्रॅक्टरला किंमत द्यावीच लागे. नवाकोरा ट्रॅक्टर, पुढे रुंद स्नोब्लोअर, मागच्या चाकांवर साखळ्या आणि चाकांच्या आतल्या अंगाला बसवलेल्या जाड लोखंडी चकत्या. हेल्मीची वाट तो अकरा मिनिटांत साफ करायचा. रेयनोने स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून घड्याळ लावून पाहिलं होतं. एकदा नव्हे, चार वेळा. चारही वेळा त्याच्या हातातली कॉफी गार झाली होती.

रेयनोचा ट्रॅक्टर उन्हाळ्यात गवत कापायचा आणि हिवाळ्यात तोंडाला स्नोब्लोअर लावून बर्फ उडवायचा. असल्या ट्रॅक्टरचं दुखणं एकच, तो हलका असतो. जोर मागच्या चाकांना लावायचा असतो, आणि चाकांवर भार नसेल तर ती बर्फावर जागच्या जागी गरगर फिरतात. शेवाळलेल्या फरशीवर रिकाम्या हाताने धावणाऱ्याचा पाय सटकावा, तसं. रेयनोने त्यावर स्वस्तातला उपाय काढला होता. ट्रॅक्टरच्या मागे त्याने एक लाकडी खोका बोल्टने आवळून बसवला होता आणि त्या खोक्यात विल्हो बसायचा.

विल्हो होता दोनशे ऐंशी पौंडांचा. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं की तो म्हणायचा, हिवाळा संपू दे, आत्ता कामावर आहे. असं मागे बसून जाणं शहाणपणाचं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण एकोणीस हिवाळे ते असेच गेले. रेयनो चालवायचा, विल्हो मागून गप्पा मारायचा, आणि वर पोचल्यावर हेल्मी दोघांच्या टोप्यांवरचा बर्फ झाडायची.

एप्रिलमध्ये विल्हो गेला. नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला, तेव्हा रेयनो एकटाच वर निघाला आणि अर्ध्या चढावर चाकं गरगरू लागली. तो उतरला, ढकललं, फावड्याने उकरलं, पुन्हा बसला. पुन्हा तेच. दोन तास लागले. दुसऱ्या वेळी अडीच. तिसऱ्या वेळी तो कोट घालून बाहेर आला, तर गॅरेट हेल्मीच्या दारातून खाली उतरत होता. वाट स्वच्छ होती आणि त्याने रेयनोला हात केला. रेयनोने टोपी सारखी केल्यासारखं केलं.

हेल्मी स्वतः गॅरेटच्या दारात वाट काढायला सांगायला गेली होती, हे त्याला पोस्टमनकडून कळलं. ते त्याने गिळलं. पण मग एका बुधवारी त्याने हेल्मीला गॅरेटच्या घरी जाताना पाहिलं. तिच्या हातात निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधलेला पाव होता, वेणीसारखा विणलेला, वेलदोडा घातलेला. ते फडकं गेली एकोणीस वर्षं दर शनिवारी रेयनोच्या सौनाला, परसातल्या वाफेच्या न्हाणीघरात, यायचं. आधी सौनाची ऊब, मग कॉफी आणि तो पाव. त्या पावाची दोन टोकं, जिथे साखर साचते, ती ठरलेली. एक विल्होचं, एक रेयनोचं. आता कुठलं टोक कोणाच्या तोंडात जातंय, या विचाराने त्याला त्या रात्री झोप लागली नाही. बहात्तराव्या वर्षी माणूस पावाच्या टोकासाठी तळमळतो, हे त्याचं त्यालाच शोभेना, पण तळमळ काही थांबेना.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मांडीपर्यंत बर्फ होता आणि गॅरेट आदल्या दिवशीच शहरात गेलेला होता. रेयनोने ते पाहिलं आणि त्याच्या अंगात वारं संचारलं. आज वाट आपण काढायची, आणि तीही अकरा मिनिटांत. फक्त खोक्यात भार हवा होता. वाळूची पोती मिळायची ते दुकान बारा मैलांवर. लोखंड होतं ते बर्फाखाली गाडलेलं. तो परसात इकडेतिकडे पाहत राहिला आणि त्याची नजर सौनाच्या दारावर गेली.

सौनाच्या भट्टीवर दगड रचलेले असतात. ते तापवायचे आणि त्यांच्यावर पाणी टाकून वाफ काढायची. वाटेल तो दगड त्याला चालत नाही, साधा दगड तापून तडकतो. रेयनोचे दगड त्याच्या वडिलांनी तलावकाठावरून एकेक निवडून आणलेले होते, काळे, जड, हाताला गुळगुळीत. त्या घरात देव्हारा असता तर त्यात ते बसले असते. रेयनोने विचार केला, दुपारपर्यंत परत रचून ठेवू, कोणाला कळणार आहे. आणि त्याने बादलीने एकूण एक दगड नेऊन खोक्यात भरला.

सुरुवात झकास झाली. चाकांनी बर्फ असा पकडला की रेयनो स्वतःशीच हसला. सपाटीवर पांढरा फवारा उंच उडत होता. तो मुद्दाम गॅरेटच्या घराकडे उडवत होता.

मग चढ लागला. तिथे त्याला जाणवलं की हातातलं चाक सैल झालंय. तो डावीकडे वळवत होता आणि ट्रॅक्टर सरळच चालला होता. सी-सॉच्या फळीवर एका टोकाला जाडा मुलगा बसला की दुसरं टोक वर जातं, तसं झालं होतं. मागच्या आसाच्याही मागे एवढा भार, त्यात चढ. ट्रॅक्टरचं नाक उचललं गेलं, स्नोब्लोअर बर्फात शिरायचा सोडून बर्फावर चढला, आणि आख्खं यंत्र तिरकं घसरत कडेच्या ढिगात जाऊन आडवं झालं. खोका फुटला. काळे दगड ढुबुक ढुबुक करत पांढऱ्या बर्फात गडप झाले.

रेयनोला काही लागलं नाही. तो गुडघ्यांवर बसून त्या भोकांकडे बघत राहिला, आणि एकोणीस वर्षांत एकदाही न सुचलेली गोष्ट त्याला तेव्हा सुचली. चढ आला की विल्हो त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात टाकून पुढे झुकायचा. रेयनोला वाटायचं, गप्पा मारायला झुकतोय. तो सगळा भार पुढे आणून नाक खाली दाबत होता. बोलला मात्र कधी नाही. दगडांना पुढे झुकता येत नाही.

हेल्मी शाल गुंडाळून खाली आली. तिने आधी त्याला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं, मग बर्फात हात घालून एक दगड काढला.

“हे सौनाचे आहेत.”

“हो.”

“आज शनिवार आहे, रेयनो.”

“माहीत आहे मला.”

“तुझ्या बाबांनी वेचलेले दगड तू माझ्या दारात आणून ओतलेस. कशासाठी, ते तरी सांग.”

 रेयनोच्या तोंडातून निघालंच. “त्याला पाव नेऊन दिलास.”

 हेल्मी म्हणाली, “काम करतो तो माझं. मग काय दगड देऊ?” आणि हातातल्या दगडावरचा बर्फ पुसत, हळू आवाजात, “तू उतरून ढकलत होतास ना, दोन-दोन तास, तेव्हा मी खिडकीत उभी असायची. आता हा छातीला हात लावेल, आता लावेल, म्हणून. एकाला पुरलं मी गेल्याच वर्षी. दुसऱ्याला माझ्याच दारात पुरायचं नव्हतं मला.”

 इतके दिवस रेयनोने घड्याळ लावून गॅरेटची मिनिटं मोजली होती. आपली मिनिटं कोणी मोजत असेल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुपारी गॅरेट परतला आणि काही न विचारता साखळदंडाने ट्रॅक्टर ओढून बाहेर काढला. मग तिघं बर्फात हात घालून दगड शोधत बसले. एकेचाळीस होते, चाळीस सापडले. गॅरेटने एकदाच तोंड उघडलं, तेही जपून. “भार मागे टांगू नका. चाकातच बसवा, खाली. माझ्याकडे जुन्या चकत्यांची एक जोडी पडून आहे.”

“बघू,” रेयनो म्हणाला. पुलाखालच्याला लगेच हो म्हणायची रीत नव्हती.

पण दगड शोधणाऱ्याला सौनाला न बोलावणं ही तर त्याहून मोठी बेरीत होती. भट्टी तापली तेव्हा रेयनो आणि गॅरेट वरच्या फळीवर बसले. रेयनोने दगडांवर पहिला डाव पाणी टाकलं, मग दुसरा, मग काही गरज नसताना तिसरा. गॅरेट लालबुंद होऊन मुकाट्याने खालच्या फळीवर उतरला. रेयनोला त्यामुळे जेवढं बरं वाटायला हवं होतं, तेवढंच वाटलं, जास्त नाही.

नंतर हेल्मीने टेबलावर निळं फडकं सोडलं. कॉफी ओतली गेली. तिने सुरी उचलली, आणि रेयनोने कपावरून नजर हलवली नाही, पण त्याला सगळं दिसत होतं. तिने पहिलं टोक कापलं आणि न बघता त्याच्या ताटलीत ठेवलं. दुसरं टोक कापलं. सुरी जरा थांबली. तो तुकडा तिने स्वतःच्या ताटलीत घेतला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. मग मधून एक जाड काप कापून गॅरेटला दिला.

मधला.

रेयनोने लोण्याची वाटी गॅरेटकडे सरकवली.

“त्या चकत्या,” तो म्हणाला, “उजव्या-डाव्या वेगळ्या असतात का रे?”