ढगाआडच्या कृत्तिका

दादाला ताऱ्यांचं वेड लागलं ते पन्नाशीला टेकल्यावर. त्या वयात कुणी गुडघ्यांना तेल चोळतं, कुणी औषधांच्या गप्पा मारतं. हा फोन घेऊन गच्चीवर जाऊ लागला. वहिनी म्हणायची, "बावीस वर्षं रस्त्याकडे बघून मान आखडली असेल, आता वर करतोय बिचारा."

त्याची धाकटी बहीण ठकी मात्र खूश होती. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लाकडी बाहुलीसारखा गोल चेहरा म्हणून दादानेच ते लहानपणी पाडलं आणि चाळिशी उलटली तरी ते तिला चिकटून होतं. दोघं एकाच बस कंपनीत कामाला. तो लांब पल्ल्याच्या गाड्या चालवायचा आणि ती डेपोच्या ऑफिसात बसून ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावायची. कुठल्या गाडीवर कोण, कुणाची झोप झालीय, कुणाची राहिलीय, सगळं तिच्या तक्त्यात. गेल्या वर्षभरात दादाने तिच्यापाशी एकच हट्ट धरला होता. "मला दिवसाच्या फेऱ्या दे. रात्री मला वर काम असतं." ती हसून द्यायची. भावाचे लाड बहिणीने नाही करायचे तर कुणी?

त्या दिवशी तिची सुट्टी होती. थंडीचे दिवस, साडेसहालाच अंधार पडलेला, आकाशात चंद्र नाही. ती गच्चीवर गेली तेव्हा दादाचा कारभार मांडून झाला होता. कठड्यावर एक वीट, विटेला टेकवलेला फोन, तो घसरू नये म्हणून खाली जुन्या चपलेचा तुकडा.

"कठड्याला हात लावू नकोस," तो कुजबुजला. "अर्धं मिनिट उघडा असतो त्याचा डोळा. तेवढ्यात तू शिंकलीस तरी ताऱ्याची अळी होते."

ती श्वास रोखून उभी राहिली. अर्ध्या मिनिटाने फोनने बारीक आवाज केला आणि पडद्यावर कृत्तिकांचा झुबका उमटला, निळसर, कुणी चिमूटभर साखर सांडावी तसा. दादाने बोटांनी चित्र मोठं केलं. त्याचा चेहरा त्या उजेडात लहान पोरासारखा दिसत होता.

मग ती खाली गेली. वहिनीला भाजी चिरून दिली, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि पाऊण तासाने चहाचे दोन कप घेऊन ती परत वर आली. दादा खुर्चीत मान मागे टाकून बसला होता.

"ये ठके. बघ आज काय लखलखतंय!"

तिने वर पाहिलं. मधल्या वेळात पूर्वेकडून ढग चढून आले होते. अर्धं आकाश गोधडी ओढल्यासारखं झाकलं होतं. जिथे कृत्तिका असायच्या तिथे एकही तारा नव्हता.

तिला वाटलं, थट्टा करतोय. लहानपणी अंगणात पडून कृत्तिका मोजायचा त्यांचा खेळ होता. जो सातवी दाखवेल तो जिंकला. तोच धागा धरून तिने विचारलं, "किती दिसतात रे?"

"सहा. सातवी आज रुसलीय." त्याने बोट वर केलं. बोट बरोबर ढगाच्या मधोमध रोखलेलं.

 ठकीने चहाचा कप त्याच्यापुढे धरला, छातीपासून वीतभर अंतरावर. कपातून वाफ निघत होती. दादाचा हात मांडीवरच राहिला. तिने कप डावीकडे नेला, उजवीकडे नेला. दादा वर बघत हसत होता.

"दादा, वर ढग आलेत."

त्याचं हसू हळूहळू उतरलं. 

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं असेल. आधी वाटलं, हवेत धूर वाढलाय म्हणून तारे दिसत नाहीत. मग फोनवर फोटो काढून बघितला, तर सगळे जागच्या जागी." त्याने फोन मुठीत घट्ट धरला. "तेव्हा कळलं, खोट कुठेय ते. दिवसा लख्ख दिसतं गं. दिवे असतील तिथेही दिसतं. अंधारातलं तेवढं जातं, आणि कडेचं."

"वहिनीला माहीत आहे?"

"कुणाला नाही. आणि तूही—"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. डेपोचा मॅनेजर होता. साडेनऊच्या रात्रगाडीचा ड्रायव्हर पोट धरून पडला होता, बाकीचे एकतर बाहेरगावी किंवा नुकते गाडीवरून उतरलेले. "तुझा भाऊ मोकळा आहे," मॅनेजर म्हणाला. "या महिन्यात दोनदा नाही म्हणालाय. आता तिसऱ्यांदा म्हणाला तर सरळ वैद्यकीय तपासणीला पाठवतो, सांग त्याला."

मॅनेजरचा आवाज मोठा. दादाला शब्दन् शब्द ऐकू गेला.

"सांग, येतोय म्हणून," दादा म्हणाला.

तिने फोनवर हात दाबून मान हलवली. मग लक्षात आलं, अंधारात त्याला मान दिसणार नाही. "नाही दादा. नाही."

"तो रस्ता माझ्या तळहातासारखा आहे. पुढे हेडलाइट असतात. एका रात्रीचा प्रश्न आहे, ठके. तपासणीला गेलो की बावीस वर्षं मातीत." आणि तिच्या हातातला फोन चाचपडत घेऊन त्याने स्वतःच सांगितलं, "साहेब, निघतोय."

ती त्याच्यामागोमाग डेपोत गेली. वाटेत तिने विनवलं, भांडली, वहिनीला सांगेन म्हणून धमकावलं. तो रस्त्यावरच्या दिव्यांखालून तुरुतुरु चालत राहिला. दोन दिव्यांच्या मधल्या पट्ट्यात मात्र त्याची चाल मंदावत होती. इतके दिवस हे आपल्याला कसं दिसलं नाही, या विचाराने तिचाच जीव शरमला.

डेपोत पोचल्यावर ती मॅनेजरच्या केबिनपाशी गेली. दार ढकलून आतही गेली. एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. ते तिला बोलवेना. ज्याने सायकलवर पुढे बसवून तिला शाळेत पोचवलं, स्वतःचं शिक्षण सोडून तिची फी भरली, त्याची भाकरी आपल्या तोंडाने काढून घ्यायची?

"दादाची तब्येत जरा..." ती म्हणाली.

"जरा काय? लेखी दे. मी डॉक्टर बोलावतो." मॅनेजरने मानही वर केली नाही. "बाहेर बेचाळीस माणसं उभी आहेत."

ती बाहेर आली. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

गाडी धुण्याच्या जागेवर उभी होती, फलाटापासून लांब, आवाराच्या मागच्या टोकाला. तिथला दिवा आठ दिवसांपासून बंद होता. दादा चढला. ती पळत गेली आणि पुढच्या दारातून आत शिरून त्याच्या बाजूच्या आसनावर बसली.

"उतर."

"नाही. फलाटापर्यंत येते. तिथे तुझ्या हातातून किल्ली काढून घेईन, हवं तर सगळ्या लोकांसमोर."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. ठकीने पुढच्या दांडीला दोन्ही हात घट्ट आवळले. गाडी हलली. दादा खरंच पाठ केल्यासारखे हात चालवत होता: एवढं सरळ, मग स्टिअरिंग एवढं डावीकडे, मग पंपाच्या खोलीचा दिवा दिसला की सरळ. क्षणभर तिलाही वाटलं, जमतंय की याला. जमूनही जाईल.

वळण घेताना हेडलाइटचा झोत भिंतीवरून सरकला आणि त्याच्या डाव्या कडेला, उजेड संपतो तिथे, तिला एक हातगाडी दिसली. हातगाडीपुढे एक हमाल जमिनीवर पडलेलं गाठोडं उचलायला वाकला होता. गाडी वळत वळत त्याच्यावरच चालली होती. दादाचे डोळे पंपाच्या खोलीच्या दिव्यावर खिळलेले.

"दादा! ब्रेक!"

सगळी गाडी पुढे झुकली. ठकीचं कपाळ दांडीवर आपटलं. कुठेतरी मागे बादली गडगडत गेली. मग गाडीच्या पत्र्यावर धाडधाड दोन हात बसले.

"डोळे फुटले का रे तुझे?" हमाल ओरडत होता. त्याच्या आणि गाडीच्या मध्ये एका माणसाला उभं राहता आलं नसतं. "दिसत नाही का?"

दादाने खिडकीची काच सरकवली. "नाही रे बाबा," तो म्हणाला. "नाही दिसत."

हमालाला वाटलं, हा चेष्टा करतोय. त्याने आणखी चार शिव्या हासडल्या, गाठोडं हातगाडीवर टाकलं आणि निघून गेला.

"कुठे होता तो?" दादाने हळूच विचारलं.

"डावीकडे. चाकापाशीच."

"डावीकडे," तो पुटपुटला. मग त्याने किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. खांदे हलत होते. ठकीला भावाला रडताना बघायची सवय नव्हती. ती समोरच्या काचेकडे बघत राहिली.

केबिनमध्ये दादाच बोलला. तिला तोंड उघडायची वेळच आली नाही. "साहेब, मला रात्रीचं दिसत नाही. वर्ष झालं. लपवलं मी." मॅनेजर आधी भडकला, मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षभरातल्या फेऱ्या तो मनात आठवत असावा. रात्रगाडी रद्द झाली. बेचाळीस माणसांच्या शिव्याशाप बारा वाजेपर्यंत ठकीनेच खिडकीत बसून खाल्ले, कपाळावर टेंगूळ घेऊन. कुणाला लग्नाला जायचं होतं, कुणाला परीक्षेला. तिने कुणालाही उलट उत्तर दिलं नाही.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती दादावर चिडली नाही. ती ठकीकडे वळली. "तुला साडेसातला कळलं, आणि नऊ वाजता तू त्याच्या शेजारी बसून गाडी चालवू दिलीस?"

 चौकशीच्या कागदावर ठकीने तेच लिहून दिलं: मला साडेसातला कळलं, मी केबिनमध्ये गेले, मी बोलले नाही. मॅनेजर म्हणाला, एवढं कशाला लिहितेस, कुणी विचारलं नाहीये. ती म्हणाली, असू द्या. तक्ता तिच्याकडून काढून घेतला गेला आणि तिला हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसवलं. छत्र्या, डबे, एकेक पायाचे बूट. सहा महिने.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दादाच्या डोळ्यांत दीड तास उजेड मारला. रातांधळेपणा, म्हणाल्या, घराण्यातून येणारा. बरा होत नाही. किती वेगाने वाढेल ते सांगता येत नाही. गाडी आता दिवसासुद्धा नाही. ठकीचेही डोळे त्यांनी लगेच तपासून घेतले. ती दहा मिनिटं दोघांनाही फार लांब वाटली. तिचे डोळे ठीक निघाले. दादाने तेव्हा कुठे श्वास सोडला.

दवाखान्यातून निघेपर्यंत अंधारून आलं होतं. फाटकाबाहेर रस्ता खणून ठेवलेला, फळ्या टाकलेल्या. दादा थांबला. एरवी अंधारात तो फोन बघायच्या बहाण्याने मागे रेंगाळायचा; आज नाही. त्याने कोपर पुढे केलं.

"धर," तो म्हणाला. "आणि नीट बोलत चल. उगाच मनातल्या मनात काळजी करू नकोस, ती मला ऐकू येत नाही."

तिने त्याचा दंड धरला. "फळी आहे. अरुंद आहे. मग खाली एक पाऊल."

"किती खाली?"

"वीतभर."

त्याने पाय टाकला. वीत जरा जास्तच निघाली; तो अडखळला आणि तिचा हात ओरबाडत सावरला.

"तुझी वीत अजून पोरीचीच आहे की गं," तो करवादला. दोघं पुढच्या फळीकडे निघाली.