चिंबोरीची तार

मी कल्याणजवळच्या कोन गावची एक जुनी मांजर आहे. जुनी म्हणते, म्हातारी म्हणायची हिंमत अजून गावात कोणाला झालेली नाही. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, एरवी मांजराने मैत्री करावी असे लोक मी फार पाहिले नाहीत. शाळेची पायरी मी एकदाच चढले, तीही गुरुजींच्या डब्यातल्या बोंबलासाठी. तेव्हा माझ्याकडून मोठे शब्द मागू नका. पण मांजर ताटावरून तोंड का फिरवते, हे मला तुमच्या गुरुजींपेक्षा जास्त कळतं. मी तीन दिवस तोंड फिरवून बसले होते आणि त्यात मरता मरता राहिले.

मोठा पूर आला त्याच्या आदल्या वर्षी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये, सुताच्या रिकाम्या कांड्यांच्या पाटीत माझा जन्म झाला. शेड ठमाबाईची. ठमाबाई म्हणजे आमच्या घरची थोरली. शेतं गेली, शेतांवर गोदामं उभी राहिली, पण घरामागची ही शेड तिने कोणाला विकली नाही. ती मुख्तारला चालवायला दिली. मुख्तार इथलाच, तीन पिढ्या लूमवर काढलेल्या घरातला. सहा लूम दिवसभर खटखटत असत आणि तोच माझा पाळणा होता. वीज गेली आणि खटखट थांबली, की माझी झोप मोडायची.

उंदीर कापडाचे तागे कुरतडतात. मी उंदीर संपवले. मुख्तार येणाऱ्या व्यापाऱ्याला अभिमानाने सांगे, "ही आमची वॉचमन. पगार घेत नाही, सुट्टी मागत नाही." माझी पिल्लं आज कल्याण नाक्यापासून राहनाळच्या गोदामांपर्यंत कामाला आहेत. एकही उपाशी नाही. ठमाबाईने माझं नाव सरपंचीण ठेवलं. तिला वाटतं ती थट्टा होती.

आम्हा दोघींचं कधी गोडीगुलाबीने पटलं नाही. ती बोलायला लागली की कावळेसुद्धा कौलावरून उठत. पण तिचा एक नियम होता. तिच्या दारात आलेलं कोणी उपाशी जायचं नाही आणि वाढलेलं कोणी टाकायचं नाही. टाकलं तर तो तिचा अपमान. हे ध्यानात ठेवा.

आता तारेबद्दल. आमच्याकडे धाग्याला तार म्हणतात. शेडमधल्या वाया गेलेल्या तारेने आमच्या घरात सगळं बांधलं जायचं: पापडाची पिशवी, दाराचं तोरण, केसरीनाथच्या चपलेचा पट्टासुद्धा. केसरीनाथ ठमाबाईचा मुलगा, गोदामात कामाला. आणि अमावास्येच्या सुमाराला खाडीच्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, मांसाने भरलेल्या मिळाल्या, की पाठीत मसाला भरून, तो सांडू नये म्हणून प्रत्येक चिंबोरीला चार वेढे तारेचे. "मुख्तार, तार दे रे!" ठमाबाई भिंतीवरून ओरडायची आणि तो गुंडाळी फेकायचा. ठमाबाईच्या सासूपासून हे असंच चाललेलं.

पण सासूच्या वेळी लूमवर सुती कापड निघायचं. नंतर पॉलिस्टर आलं. सुताची तार दाताने तुटते. पॉलिस्टरची तुटत नाही. हा फरक ठमाबाईच्या ध्यानात आला नाही, मुख्तारच्या आला नाही, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही आला नाही.

त्या रविवारी जेवणं झाली. ठमाबाईने ताटातली कवचं आणि तारा परसात टाकल्या. एक तार मसाल्यात बुडून लाल झालेली. मी चाटली. आमच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. एकदा लागलेली वस्तू आतच सरकते, थुंकायची सोय देवाने ठेवलेली नाही. दोन्ही टोकं पोटात गेली आणि मधला फास जिभेखाली अडकून बसला.

सोमवारी सकाळी कमळने, म्हणजे ठमाबाईच्या सुनेने, मांदेली आणि भात ठेवला. वास आला. भूकही होती. पण गिळायला गेले की जिभेखाली कापल्यासारखं व्हायचं आणि पोटातून कोणीतरी खेचायचं. मी मागे सरले.

"आय, सरपंचीण खात न्हाय," कमळ म्हणाली.

"रुसली असेल. काल हाकलली तिला ओट्यावरून," ठमाबाई म्हणाली. "सांग तिला, इथं मनवायला कोणी रिकामं न्हाय. भूक लागली की येईल शेपूट हालवत."

शेपूट कुत्रं हलवतं, बाई. पण मला भांडायची ताकद नव्हती.

मंगळवारी मात्र ती स्वतः आली. शिळ्या गार माशाला वास राहत नाही आणि वासाशिवाय आमचं जेवण सुरूच होत नाही, हे तिला ठाऊक होतं. एका थंडीत माझं नाक चोंदलं होतं तेव्हा मासा कोमट करून तिनेच मला जेवायला लावलं होतं. तिने मांदेली कोमट करून आणली. मी तोंड फिरवलं. मग तिला आठवलं की खोल वाटीत मिशा घासल्या की मला चीड येते. तिने पसरट जर्मनची ताटली काढली. मी तोंड फिरवलं. मग ती कमळवर घसरली.

"तू हिच्या कोपऱ्यात फिनेल ओतलंस का गो? त्या वासात तू जेवशील का?"

कोपरा साध्या पाण्याने धुतला, ताटली लूमच्या आवाजापासून दूर न्हाणीमागे नेली, पाणी बदललं. एरवी यातल्या एकेका गोष्टीने माझी भूक परत आली असती. बाई हुशार आहे, हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणते. पण हुशार माणूस उत्तर आधीच ठरवून ठेवतो आणि मग डोळ्यासमोरचं बघत नाही. माझ्या तोंडातून लाळ गळत होती. ती त्यांनी पुसली. का गळते, ते कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने मला शिंका आल्या आणि प्रत्येक शिंकेला पोटात सुरी फिरली. मग चमच्याने दूध घशात ओतायचा प्रयत्न झाला. ते नाकातून बाहेर आलं आणि माझा श्वास अडकला.

"जबरदस्ती नको करू, आय, मरेल ती!" कमळ ओरडली.

"मग काय करू? बघत बसू?" ठमाबाईचा आवाज फाटला. तसा मी तो कधी ऐकला नव्हता.

केसरीनाथ कामावरून आला. माझ्या कानाला हात लावून म्हणाला, "अंग गरम हाय. आपली तापाची गोळी हाय ना, अर्धी दे दुधातून." गोळी कुटून दुधात घातली, बशी माझ्यापुढे ठेवली. मित्रांनो, त्या बशीकडे मी किती वेळ बघत होते! घसा सुकला होता. तोंड लावलं असतं, तर ही गोष्ट तुम्हाला सांगायला मी नसते. ते मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त गिळायची भीती वाटली आणि मी बशीवर पाठ फिरवून पडले. दूध नासलं. कमळने ते मोरीत ओतलं.

बुधवारी मी उठले नाही. पाठीची कमान करून, पाय पोटाखाली घेऊन भिंतीशी बसून राहिले. उमासे येत होते, पण सहा लूम चालू असताना मांजराचा उमासा कोणाला ऐकू जाणार? तीन दिवस मी त्या खटखटीत ओरडत होते. ज्या आवाजात मी वाढले, त्याच आवाजाने माझं तोंड बंद केलं होतं.

अकरा वाजता वीज गेली. लूम थांबले.

एकदम शांत झालं. ठमाबाई न्हाणीशी मासे साफ करत होती. मी उमासा दिला, कोरडा, घशातून खरवडल्यासारखा. तिचा हात थांबला.

"हिच्या घशात काहीतरी हाय," ती म्हणाली. मग ओरडली, "मुख्तार! ये रे लवकर!"

वीज गेल्यामुळे मुख्तार मोकळाच होता. ठमाबाईने मला मांडीवर घेतलं, एक हात पोटाखाली घातला. मुख्तारने माझा जबडा उघडला. मी त्याला चावले नाही; एवढी मी संपले होते.

"मावशी, जिभेखाली तार आहे," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "आपलीच आहे. लूमची."

ठमाबाई वाकून बघायला लागली. तिला लाल तार दिसली असेल. रविवारची.

आता लूमवाल्याचा हात कसा असतो, ते ऐका. लोंबती तार दिसली की त्याची बोटं आधी जातात, डोकं मागून येतं. तार धरायची आणि ओढायची. दिवसातून शंभर वेळा. मुख्तारने चिमटीत फास धरला आणि ओढला.

मी किंचाळले. ठमाबाईचा तळवा माझ्या पोटाखाली होता. आतली आतडी गोळा होऊन त्या तळव्याला लागली.

"सोड! सोड म्हणते ना, हात काढ!"

"मावशी, येतेय, थोडीच राहिली—"

"थोडीच न्हाय राहिली! पोटाला चुण्या पडतायत हिच्या!" तिने त्याचं मनगट धरलं. "कापडातली एक तार ओढली की कापड गोळा होतं ना रे? तसंच होतंय आतून. अजून ओढलंस तर फाटेल."

मुख्तारने निखारा सोडावा तशी तार सोडली. "कापू का मग? कात्री आणतो."

"कापू पण नको. टोक आत गेलं तर कुठं शोधशील? टेम्पो काढ."

कल्याणला जनावरांची एक डॉक्टरीण होती. ठमाबाईने मासळीच्या पाटीत आपलं जुनं लुगडं अंथरलं, मला ठेवलं आणि साफ करायचे मासे तसेच टाकून निघाली. कावळ्यांची चंगळ झाली त्या दिवशी. दुर्गाडीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. पाव तास टेम्पो जागचा हलला नाही. मुख्तार हॉर्न वाजवत होता आणि स्वतःलाच शिव्या देत होता.

"तार मीच दिली, मावशी."

"टाकली मी," ठमाबाई म्हणाली. मग पाटीत वाकून माझ्या कानाशी बोलली, फक्त मला ऐकू जाईल असं. "माझ्या दारात उपाशी मरायचं न्हाय गो. तुना सांगून ठेवते."

माफी मागायची तिला सवय नाही. मी ती माफीच धरली.

डॉक्टरीण तरुण होती, पण ठमाबाईला गप्प बसवू शकणारी ती पहिलीच बाई मी पाहिली. "किती दिवस जेवली नाही?"

"तीन."

"आणि आज आणलीत? मांजराला उपास सोसत नाही, आजी. एक दिवस पूर्ण जेवली नाही की आणायची. दोन-तीन दिवसांत लिव्हर बिघडायला लागतं. काही औषध दिलंत?"

"तापाची गोळी, अर्धी. पण प्यायली न्हाय."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "नशीब तुमचं. माणसाची ती गोळी मांजराला विष आहे. आणि तार ओढली का कोणी?"

मुख्तारने मान खाली घातली. "ओढली. पण मावशीने सोडायला लावली."

डॉक्टरीणबाईंनी ठमाबाईकडे नीट पाहिलं. "कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोणी न्हाय. मी ताग्यांच्या घड्या घातल्यात वीस वर्षं."

पुढचं मला आठवत नाही. सुई टोचली आणि लूम एकदम बंद व्हावेत तसं झालं. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर टाके होते आणि बाजूच्या बशीत हातभर लांब लाल तार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जगेल की नाही हे आता तिच्या जेवणावर आहे.

म्हणजे पुन्हा जेवणच. पोटाला तीन दिवसांत खाण्याची भीती बसली होती; अन्न दिसलं की ती कळ आठवायची. डॉक्टरीणबाईंचं औषध चालू होतं. ठमाबाईने या वेळी घाई केली नाही. शेडच्या बाजूची खिडकी बंद केली. मीठ, मिरची, कांदा काही न घालता मासा शिजवला, काटे काढले, कोमट केला. बोटभर घेऊन माझ्या नाकाशी धरला आणि गप्प बसली. ठमाबाई गप्प! मी नाही चाटलं, तर बोट काढून घेई, तासाने परत येई. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचं बोट चाटलं. तिने हात हलवला नाही. फक्त डोळे पुसले, दुसऱ्या हाताने, आणि कमळला म्हणाली, "मिरची लागली."

घरात मिरची नव्हती त्या दिवशी.

महिन्याने पुन्हा अमावास्या आली. आठ चिंबोऱ्या. तार सुतीच हवी, असं मुख्तारला बजावलेलं. जेवणं झाली, केसरीनाथ हात धुवायला उठला.

"बस खाली," ठमाबाई म्हणाली. "तारा मोजल्याशिवाय कोणी उठायचं न्हाय."

प्रत्येकाने आपापल्या तारा ताटाच्या काठावर ठेवल्या. सात भरल्या.

आठवी नाही.

ताटं उचलली, पाट उलटले, कवचं चाळली. कमळने मोरी पाहिली. मी दारात बसले होते. ठमाबाईने मला धरलं, जबडा उघडला, जिभेखाली बोट फिरवलं. काही नाही. तेवढ्यात केसरीनाथ हसला.

"आय, तुझ्या हाताला बघ."

आठवी तार तिच्याच सोन्याच्या पाटलीत अडकून लोंबत होती. मी तिच्याकडे पाहिलं. एवढंच केलं. ती माझ्यावर खेकसली, "बघतेस काय गो सरपंचिणी?" आणि आठही तारा चुलीत घातल्या.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या मांजराने तोंड फिरवलं, तर ती रुसली असं म्हणून बसू नका. ताटली बदला, मासा कोमट करा, जागा शांत ठेवा. एवढ्याने जेवली तर बरं. दिवसभर जेवलीच नाही, तर डॉक्टर गाठा. तिच्या तोंडात तार दिसली, तर हात मागे घ्या. तो हात फार हुशार असेल तर दोन्ही मागे घ्या. आणि आजपासून, जेवून उठायच्या आधी, आपापल्या ताटाच्या काठावर एकदा बघा. आमच्या घरी अजून बघतात.