सात देशांचा एक प्लग

अस्मिताचा मेसेज आला तेव्हा मी सात देशांसमोर पाण्याच्या बाटल्या मांडत होतो. ‘देऊ का?’ एवढाच मेसेज.

द्यायचा होता तो राजीनामा. अस्मिता म्हणजे माझी बायको. ती पुण्यात बँकेत नोकरी करते आणि लग्न झाल्यापासून आमचा संसार व्हिडिओ कॉलवर चालतो. मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कॉन्फरन्स भरवणाऱ्या कंपनीत प्रोबेशनवर. प्रोबेशन आजच संपत होतं. मी पक्का झालो की तिचा व्हिसा, करामा भागात एखादी खोली आणि खराखुरा संसार. नाही झालो तर मी पुण्याला परत आणि ती धुळ्याला, कारण बँकेने तिची बदली काढली होती. जायचंय की सोडायचंय ते आजच सांगा, असं तिच्या मॅनेजरने बजावलं होतं. म्हणजे चुकीच्या वेळी ‘दे’ म्हटलं तर दोघंही बेकार, आणि वेळेवर ‘दे’ म्हटलं नाही तर धुळे.

‘थांब,’ मी लिहिलं. ‘मीटिंग होऊ दे.’

‘कालही हेच म्हणालास.’

‘काल मीटिंग नव्हती म्हणून.’

मीटिंग होती अरब समान प्लग परिषदेची. ह्या सगळ्या देशांची भाषा एक, कवी एक, जेवणसुद्धा बरंचसं एक. पण भिंतीतली भोकं वेगळी. कुठे तीन चौकोनी पिना, कुठे दोन गोल, कुठे एकाच घरात खोलीगणिक निराळी. तेव्हा आधी प्लग एक करावा आणि मग हळूहळू बाकीचंही ऐक्य साधावं, अशा उदात्त हेतूने ही परिषद काही वर्षांपूर्वी निघाली. देशांची नावं मी सांगत नाही, मला इथे राहायचंय. आपण त्यांना पिनांवरून ओळखू. परिषदेच्या आजवरच्या प्रत्येक बैठकीत एकच ठराव एकमताने पास झाला होता : पुढची बैठक घ्यावी.

‘ह्या वेळेला सह्या झाल्याच पाहिजेत,’ आमचे मालक लियाकतभाई म्हणाले होते. ते मूळचे रत्नागिरीचे, मिसरूड फुटायच्या आत आखातात आलेले. ‘बू सुहैल स्वतः यजमान आहेत. सह्या झाल्या तर तू पक्का. नाही झाल्या तर...’

‘तर?’

‘तर इन्शाल्ला.’

लियाकतभाई वाईट बातमी कधीच पूर्ण सांगत नाहीत.

बू सुहैल म्हणजे सुहैलचे वडील. इथे मोठ्या माणसाला असं मुलाच्या नावाने ओळखतात. ते अल ऐनहून निघाले होते आणि दुबईच्या तोंडाशी ट्रॅफिकमध्ये अडकले होते. लियाकतभाई त्यांना घ्यायला खाली गेले होते. कॉफी द्यायला बोलावलेला माणूस पार्किंग शोधत टॉवरला प्रदक्षिणा घालत होता. हॉलमध्ये सात प्रतिनिधी आणि मी.

लियाकतभाईंचा फोन आला. ‘तन्मय, पाहुणे रिकामे बसलेत का?’

‘हो. एकमेकांकडे बघत नाहीयेत.’

‘मग तू कॉफी दे. पण बोलू नकोस काही. तुझं तोंड चालू झालं की माझं बीपी चालू होतं.’

कॉफी कशी द्यायची ते मी व्हिडिओवर पाहिलं. किटली डाव्या हातात, कप उजव्या हाताने, सुरुवात उजवीकडून. पुढे जाहिरात लागली आणि तेवढ्यात फोन पाच टक्क्यांवर आला. सात देशांच्या सात अडॅप्टरनी भिंतीतली सगळी भोकं अडवली होती. एकच सॉकेट मोकळं होतं, समोरच्या मोठ्या, सोनेरी काठाच्या खुर्चीमागे. मी तिथे चार्जर लावला आणि वायर आखूड म्हणून एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून उभा राहिलो. कॉफी द्यायची, परत खुर्चीपाशी यायचं, अस्मिताचा मेसेज बघायचा. अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या.

तीन चौकोनी पिनवाले सगळ्यात वयस्कर. दाढी पांढरी, हातात काठी. त्यांनी कप घेतला आणि न पिता समोर टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे बघत बसले.

माझी आई कोल्हापूरची आहे. आमच्या घरात पाहुण्याने समोरचं घेतलं नाही तर घरातली माणसं त्याच्याभोवती कडं करतात. मावशीने एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाला बासुंदी प्यायला लावली होती, त्याचं रीडिंग चुकलं. हे सगळं रक्तात आहे, त्याला मी काय करणार?

‘पिओ ना, साहब,’ मी म्हणालो. ‘ठंडा हो रहा है.’

इकडच्या जुन्या लोकांना हिंदी छान येतं. त्यांनी डोळे बारीक केले. ‘तुम बोलता है, पिओ?’

‘हां, मैं बोलता है.’

‘पक्का?’

‘अरे एकदम पक्का! मेरी कसम.’

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं, एका घोटात कॉफी संपवली, उठले, आणि माझ्या नाकाला नाक लावलं. मला वाटलं, कॉफी जमलीय.

हॉलभर सगळ्यांनी ते पाहिलं. मग टक, टक, टक. उरलेल्या सहाही जणांनी आपापले भरलेले कप टेबलावर ठेवले.

आता मी पेटलोच. दोन गोल पिनवाल्यांपाशी गेलो. ते सुटाबुटातले, फ्रेंच धाटणीचं इंग्रजी बोलणारे. ‘आर यू शुअर?’ त्यांनी विचारलं. ‘शुअर सर, ड्रिंक, ड्रिंक!’ त्यांनी छातीवर हात ठेवला आणि पिऊन टाकली. पुढच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या पुढच्याने मला मिठीच मारली. शेवटचे मात्र भारी चिवट. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, शेवटी मी कप उचलून त्यांच्या हातातच दिला, तेव्हा डोळे मिटून प्यायले.

‘देऊ का?’ अस्मिता.

‘थांब. वातावरण फार छान आहे. लोक नाकाला नाक लावतायत.’

‘प्यायलायस का?’

‘कॉफीच आहे गं.’

एवढ्यात लियाकतभाई आत आले. रिकामे कप आणि हसरे प्रतिनिधी बघून दारातच थांबले.

‘हे काय झालं?’

‘काही नाही. कॉफी घेत नव्हते, मी आग्रह केला.’

‘कप खाली ठेवले होते? भरलेले?’

‘सगळ्यांनी.’

लियाकतभाई मिळेल त्या खुर्चीत बसले. ‘अरे माझ्या बाबा! पाहुणा भरलेला कप खाली ठेवतो तेव्हा त्याचं काहीतरी मागणं असतं. यजमान “पी” म्हणाला की मागणं मंजूर. जुनी रीत आहे. मग तो शब्द फिरवता येत नाही.’

‘पण मी कुठे यजमान?’

‘कुठे उभा होतास?’

मी सोनेरी खुर्चीकडे बघितलं. तिथे माझा फोन चार्ज होत होता.

‘कितीजणांना पी म्हणालास?’

‘सातहीजणांना. एकाला तीनदा.’

‘आणि काय मागतायत ते विचारलंस?’

‘आमच्याकडे आग्रह करताना विचारत नाहीत.’

लियाकतभाई सगळ्यांशी कानात बोलून आले तेव्हा त्यांचा रंग उतरला होता. चौकोनी तीन पिनवाल्यांना त्यांचाच प्लग सगळ्या अरब जगाचा प्लग व्हायला हवा होता. दोन गोल पिनवाल्यांनाही तेच हवं होतं, फक्त त्यांचा. आणखी दोघांना त्यांचे. एकांना मुख्यालय आपल्या शहरात हवं होतं, शेजारच्यांना ते त्या शहरात मुळीच नको होतं. आणि ते शेवटचे चिवट?

‘त्यांना कॉफीतला वेलदोडा चालत नाही,’ लियाकतभाई म्हणाले. ‘त्यांचं काहीच मागणं नव्हतं.’

बू सुहैल आले. सडपातळ, शांत, पांढऱ्या पायघोळ अरबी झग्यातले म्हातारे गृहस्थ. लियाकतभाईंनी त्यांना कोपऱ्यात नेऊन अरबीत सगळं सांगितलं. मला फक्त ‘हिंदी’, म्हणजे भारतीय, आणि माझं नाव कळलं. बू सुहैलनी टेबलावरचे रिकामे कप एकेक करून मोजले.

मग ते आपल्या खुर्चीत बसले, माझा चार्जर हळूच बाजूला केला, आणि जाहीर केलं : ह्या घरातून शब्द गेलाय. सगळं मंजूर.

दोन इंजिनियर तिथेच आराखडा काढायला बसले. अरब ऐक्याच्या प्लगला एकूण दहा पिना, काही चौकोनी, काही गोल. सॉकेट साधारण जेवणाच्या ताटाएवढं. भिंत थोडी जाड लागणार होती, पण ह्या भागात बांधकामाला कोणी कंटाळत नाही. मुख्यालय त्या शहरात असेल आणि तिथे कोणी बसणार नाही, असं ठरलं. परिषदेच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीही हरकत घेतली नाही. पाच मिनिटांत सह्या!

लियाकतभाईंनी मला बाहेर लिफ्टपाशी नेलं. ‘सह्या झाल्या, मान्य आहे. पण यल्ला, चल निघ, खलास. मला अजून दहा वर्षं जगायचंय. उद्यापासून येऊ नकोस.’

‘लियाकतभाई, तुम्ही म्हणाला होतात...’

‘मी इन्शाल्ला म्हणालो होतो.’

पाठीमागून बू सुहैलचा आवाज आला. ते आमच्या मागोमाग आले होते आणि हिंदीत बोलत होते. ‘लियाकत, ये लड़का मेरे घर की तरफ़ से बोला. इसलिए ज़बान मेरी. तुम इसको निकालेगा तो ये कौन? बाहर का आदमी. बाहर के आदमी का ज़बान, क्या ज़बान? सब कैंसल.’

लियाकतभाईंनी हिशेब केला. तो त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसला.

‘म्हणजे हा...?’

‘परमनंट,’ बू सुहैल म्हणाले. ‘जब तक ये ऐक्य है.’ ऐक्याला त्यांनी अरबीत काहीतरी सुंदर शब्द वापरला होता. मग ते आत गेले.

मी अस्मिताला फोन लावला.

‘पक्का झालो.’

‘खरंच? लेटर मिळालं?’

‘लेटर नाही. शब्द मिळालाय. अरब देशांची एकजूट टिकेल तोपर्यंत माझी नोकरी.’

पलीकडे बँकेत कुणाचातरी टोकन नंबर पुकारला गेला.

‘तन्मय, ती साधारण किती टिकते?’

‘आत्ता तर जोरात आहे. वीस मिनिटं झाली.’

‘मॅनेजर समोर उभे आहेत रे. एक काहीतरी सांग.’

मी काचेतून आत बघितलं. सातही जण फोटोसाठी उभे होते, खांद्याला खांदा लावून. इतकं देखणं दृश्य मी पाहिलं नव्हतं.

‘दे,’ मी म्हणालो.

‘दिला,’ ती म्हणाली. आणि त्याच वेळी आत कुणीतरी मोठ्याने ओरडलं.

इंजिनियरांनी आराखडा पडद्यावर लावला होता. दहा पिना म्हटल्यावर एक मधोमध येणारच. ती गोल होती. चौकोनी तीन पिनवाल्या आजोबांनी काठी उचलली, कुणाचाही निरोप घेतला नाही, आणि दार ढकलून थेट लिफ्टकडे आले. माझ्या शेजारून आत शिरले. दार बंद व्हायला लागलं. मी फोन कानाला तसाच ठेवून लिफ्टमध्ये पाय घातला.

‘क्या है?’ ते म्हणाले.

‘साहब, मत जाओ. मेरा बीवी आ रहा है.’ घाईत माझंही हिंदी त्यांच्यासारखं झालं होतं.

‘किधर से?’

‘इंडिया से. अभी नौकरी छोड़ा. आप गया तो मैं भी गया.’

दार येऊन पायावर आपटत होतं, मागे जात होतं, परत आपटत होतं.

‘नया शादी?’

‘नया था. ऐसे ही पुराना हो रहा है.’

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. आतून दोन गोल पिनवाले काहीतरी बोलले, ते आजोबांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

‘कब आता है बीवी?’

‘अगले महीने. नोटीस पीरियड है.’

‘अगले महीने तक मैं मान सकता है,’ ते म्हणाले आणि काठी टेकत लिफ्टमधून बाहेर आले. ‘बाद का बाद में देखेगा.’

‘हॅलो? कोण होतं रे? काय चाललंय तिकडे?’ अस्मिता विचारत होती.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘तू तिकीट काढून टाक. आणि नोटीस पीरियड कमी होतोय का बघ.’