मानेखालचा हात

“डोकं माझ्या हातात दे,” नोरीन म्हणाली. “अख्खं दे. थोडंसं स्वतःकडे ठेवून घेऊ नकोस.”

एडी पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. आठ वर्षांची किडकिडीत पोर, नाकावर उन्हाच्या मलमाचा पांढरा पट्टा. बाकीची मुलं हातपाय चांदणीसारखे पसरून उताणी तरंगत होती आणि आभाळाकडे बघत उगाच खिदळत होती. एडीला पालथं पोहता येत होतं, बुडी मारून तळाची रिंग आणता येत होती. पण मानेखाली हात गेला की ती लाकडासारखी ताठ व्हायची.

“मिस, तुम्ही सोडाल.”

“सोडणारच आहे. पण सांगून सोडेन. न सांगता मी कधी कुणाला सोडलंय?”

“मला सोडलं होतं,” ऑस्कर पडल्यापडल्या म्हणाला.

“तुला सांगितलं होतं. तुझे कान पाण्यात होते.”

एडीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच ती मागे रेलली. नोरीनच्या तळव्यावर हळूहळू वजन आलं. या क्षणासाठी नोरीन उभा उन्हाळा थांबायला तयार असे. मूल डोकं देतं तेव्हा ते आधी खूप जड लागतं, आणि मग एकदम हलकं होतं. एडीचंही झालं. तिने हात पसरले.

टॅरंबा गावात ऊन इतकं कडक, की लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातल्याशिवाय कुठलंच मूल पाण्यात उतरत नाही. एडीच्या शर्टाची बाही पाण्याने फुगून कोपराच्या बरीच वर सरकली. दंडावर पिवळट पडलेले डाग होते आणि त्यांच्यावर नवे निळे.

नोरीनने हात काढला नाही. “आता सोडते हं,” म्हणाली, आणि सोडलं. एडी तरंगली. कान पाण्यात, हनुवटी वर, डोळे मिटलेले. मग ती उभी राहिली आणि ओले केस पुढे घेऊन पिळायला लागली. तिची मान उघडी पडली. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. मोठ्या माणसाच्या पंजाचे वळ. ती ताठ का व्हायची ते नोरीनला कळलं. आत्ता आपला तळवा ठेवला होता, नेमकी तीच जागा.

“इथे काय लागलं गं?” तिने किती वाजले विचारावं तसं विचारलं.

“फाटक.”

“मानेला?”

एडीने कुंपणाकडे पाहिलं. “आमचं फाटक मोठं आहे.”

शिट्टी झाली. मुलं पाण्याबाहेर पडून सावलीतल्या टेबलाकडे पळाली. शिकवणी संपली की संत्र्याच्या फोडी खायच्या, ही इथली जुनी रीत. संत्री वॉरिक डनच्या बागेतली, सगळ्या मोसमाची, फुकट. वॉरिक म्हणजे एडीचा बाप. आई दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली तेव्हापासून तो एकटा पोर सांभाळतो म्हणून गावाला त्याचं केवढं कौतुक. मुलं फोडी दातांत धरून, साल पुढे काढून एकमेकांना वेडावत होती. एडी टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती. तिने फोड घेतली नव्हती.

तलावाकाठच्या टपरीच्या खिडकीत टपरीवाली बेव्ह पाव भाजत होती. नोरीनने पाहिलेलं सगळं सांगितलं. बेव्हने आच बंद केली, पण मान वर केली नाही.

“तुला माहीत होतं?” नोरीनने विचारलं.

“माहीत काय असायचंय. डोळे आहेत मला.”

“आणि गप्प बसलीस?”

“शेजारच्या घरातल्या पोराच्या वेळी बोलले होते की. केला होता फोन बालकल्याण खात्याला. आले, चहा प्याले, गेले. आठवड्याभरात माझ्या गाडीची काच फुटली. पोरगं अजून त्याच घरात आहे. तेव्हापासून या गावात कुणी खात्याला फोन करत नाही, नोरीन. तूच तेवढी राहिलीस.”

“म्हणून काय दिसलं तरी न दिसल्यासारखं करायचं?”

“माझं ऐकून तर घे.” बेव्ह खिडकीतून पुढे वाकली. “ती इथे येते तोवर निदान तिचे हात आपल्याला दिसतात. शाळेला सुट्टी लागलीय. बाग गावाबाहेर. त्याला कळलं की तो तिला घरी बसवणार. मग कोण बघणार तिच्याकडे? ती संत्री?”

दरवर्षी मोसम सुरू होताना नव्या शिक्षकांना नोरीन समोर बसवायची आणि शांतपणे समजावायची: आपण पोलीस नाही, न्यायाधीश नाही. पोरांच्या अंगावर काही दिसलं की कळवायचं, कायदाच आहे तसा. आपलं नाव गुप्त राहतं. पुढचं काम ज्यांचं आहे त्यांना ते येतं. हे ती जशी तरंगायला शिकवायची तसंच शिकवायची. स्वतःचा भार द्या, खाली हात आहे.

ओल्या अंगानेच ती टपरीत गेली आणि फोन लावला. बराच वेळ गाणं वाजत राहिलं, कुठलं तरी समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात वाजावं तसलं. मग एक गोड आवाज आला. नोरीनने डाग सांगितले, मान सांगितली, फाटक सांगितलं.

“आणि एक करा,” ती शेवटी म्हणाली. “बापाला आधी कळू देऊ नका. अचानक जा. पोरीला एकटीला विचारा.”

“काळजी करू नका,” आवाज म्हणाला. “आमची माणसं या कामात मुरलेली असतात.”

ती तलावाशी परतली तेव्हा तिला बरं वाटत होतं. हे पुढे तिला फार दिवस आठवत राहिलं, की आपल्याला बरं वाटलं होतं.

खात्याची बाई आली ती दुसऱ्या आठवड्यात. ब्रायोनी नाव, पंचविशीची, पाठीवर घामाने चिकटलेला सदरा. जिल्ह्याच्या गावाहून दोन तास गाडी हाकत आली होती. मुलांची शिकवणी संपली होती आणि नोरीन दोऱ्या गुंडाळत होती.

“मी म्हटलं, जाताजाता तुम्हालाही भेटून जावं,” ब्रायोनी म्हणाली. “तसं आम्ही सांगत नाही कुणाला, पण तुम्हाला काळजी लागून राहिली असेल. सगळं ठीक आहे. खूप सहकार्य करणारं घर आहे.”

“कधी गेला होता?”

“आत्ता तिथूनच येतेय. परवा फोन करून वेळ ठरवली होती.”

नोरीनच्या हातातली दोरी थांबली. “फोन करून?”

“इतक्या लांब यायचं, तर करावा लागतो. मागे तीनदा मी न सांगता निघाले, तिन्ही वेळा दार बंद. पेट्रोलवरून साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. आता नियमच केलाय, गावाबाहेरच्या घरी आधी फोन.” ती हे तक्रारीच्या सुरात सांगत होती, नोरीन आपल्याच बाजूची आहे असं समजून. “घर इतकं स्वच्छ होतं. पोरीची खोली नुकती रंगवलेली.”

“रंग ओला होता का?”

ब्रायोनीला प्रश्न कळला नाही. किंवा कळला आणि नको होता.

“तिला एकटीला विचारलंत?”

“अंगणात बसलो होतो तिघं. मिस्टर डन म्हणाले, मी आत जातो. पण तीच त्यांचा हात सोडेना. मुलाला जवळचं माणूस हवंसं वाटलं तर आम्ही आग्रह धरत नाही.”

“तीच सोडेना, की तो?”

“मिस...”

“बाह्या वर करायला सांगितल्यात?”

“ऊन होतं,” ब्रायोनी म्हणाली. मग तिचं तिलाच ते कसंसं वाटलं असावं, कारण ती घाईने पुढे बोलली, “माझ्याकडे किती पोरं आहेत तुम्हाला कल्पना नाही. काहींची हाडं मोडलेली आहेत. मला निवडावं लागतं.”

ती दमलेली होती, हे नोरीनला दिसत होतं. नोरीनच्या हाताखाली असल्या कितीतरी पोरी शिकवायला शिकल्या होत्या. ही वाईट नव्हती. आणि ती वाईट नव्हती याचीच नोरीनला किळस आली. ती स्वच्छ खोली, ते अंगण, ते तिघांचं बसणं, आणि सगळ्यांचं ते इतकं नीट वागणं.

“माझं नाव?”

“नाव आम्ही कधीच सांगत नाही.”

“मग काय सांगितलंत?”

“एवढंच, की पोहताना कुणाला तरी काही खुणा दिसल्या.”

गावात पोहायला शिकवणारी एकच बाई होती. नोरीनने दोरी खुंटीला अडकवली. ब्रायोनी गाडीकडे गेली आणि एक जाळीची पिशवी घेऊन परत आली.

“हे घ्याल का थोडी? त्यांनी इतकी दिली, माझ्याने संपणार नाहीत. फार गोड आहेत. मी वाटेत खाल्ली.”

तिच्या बोटांना, सदऱ्याला, उघड्या गाडीला संत्र्याचा वास येत होता. जन्मभर या वासात राहिलेली नोरीन पहिल्यांदाच त्यापासून एक पाऊल मागे सरली. “नको,” ती म्हणाली. “हात धुऊन घ्या. तिकडे नळ आहे.”

पुढच्या शिकवणीला वॉरिक स्वतः आला. पिकअप फाटकाशी लावून, संत्र्यांचा खोका खांद्यावर घेऊन. वाटेत त्याने दोघातिघांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, बेव्हला हात केला. खोका टेबलावर ठेवून तो तलावाच्या काठाशी उकिडवा बसला. नोरीन मुलांसोबत पाण्यात होती.

“मिस नोरीन,” तो म्हणाला. चाळिशीचा झाला तरी तो तिला मिसच म्हणायचा. “एडी आता नाही यायची. म्हटलं, तुम्हाला स्वतः सांगावं. मागून कळवणं मला आवडत नाही.”

“तिचं अर्धंच शिकून झालंय, वॉरिक.”

“मी शिकवेन की. मला तुम्हीच शिकवलंत ना, इथेच? डोकं माझ्या हातात दे.” तो हसला. “मला सरळ विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. पोरगी धडपडी आहे. खात्याला कशाला त्रास? ती बिचारी मुलगी, एवढ्या उन्हात आली.”

नोरीनला त्याचं लहानपणीचं डोकं आठवलं. लाल केस, कानात पाणी जायची भीती. त्याने भार द्यायला फार दिवस घेतले होते. तेव्हा त्याच्या मानेवर काय होतं, ते तिला आठवेना. त्या काळी मुलं उघड्या अंगाने पोहायची.

“तुझा हात दाखव,” ती म्हणाली.

“काय?”

“हात. पंजा.”

त्याचं हसू तसंच राहिलं, पण हात गुडघ्यांमध्ये गेले. मग तो उठला, पँट झटकली. “खोका ठेवलाय. पोरांना खाऊ द्या. त्यांच्यावर कशाला राग?”

कुंपणापलीकडे पिकअप उभी होती. पुढच्या आसनावर एडी होती, लांब बाह्यांचा शर्ट घालून. खिडकी बंद होती. ती तलावाकडे बघत नव्हती. तिने डोकं मागे टेकवलं होतं, हनुवटी वर, डोळे मिटलेले. दोन्ही हात तिने बाजूला पसरायला घेतले होते, पण गाडीत जागा पुरत नव्हती. वॉरिक दार उघडून आत बसला तशी ती सरळ झाली.

पिकअप गेली. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत नोरीन पाण्यात उभी होती.

“मिस, संत्री?” ऑस्करने विचारलं.

“आज नाही.”

“का? आणलीत की.”

तिने कधीच कुठल्या मुलाच्या ‘का’ला उडवाउडवीचं उत्तर दिलं नव्हतं. आज खरं सांगता येत नव्हतं, आणि खोटं सांगवत नव्हतं. “ती मला चांगली वाटत नाहीत,” ती म्हणाली. पलीकडे सावलीत बसलेल्या मुलांच्या आयांनी एकमेकींकडे पाहिलं. एक उठली, खोक्याशी गेली, सुरी घेतली आणि न बोलता फोडी करू लागली. दुसरी तिच्या मदतीला गेली. मुलं आधी नोरीनकडे बघत राहिली, मग टेबलाकडे गेली. ऑस्करने साल दातांवर बसवून तिच्याकडे बघून वेडावून दाखवलं, नेहमीसारखं.

नोरीन पाण्यातून बाहेर आली आणि टपरीत शिरली. तिच्या अंगावरून पाणी निथळून फरशीवर पसरलं.

“म्हटलं होतं,” बेव्ह म्हणाली.

“म्हटलं होतंस.”

“आता परत कुणाला लावतेस?”

“त्यांनाच.”

“तेच लोक, नोरीन. तेच.”

“मग दुसरं कोण आहे? तू सांग, मी त्यांना लावते.”

बेव्हने फडकं घेतलं, फरशीवरचं पाणी अर्धवट पुसलं आणि थांबली. बाहेरून मुलांच्या हसण्याचा आवाज आणि संत्र्यांचा वास एकदमच आत येत होता. तिने खिडकी ओढून घेतली. मग स्टूल सरकवून नोरीनच्या शेजारी बसली.

“बोलून झालं की मला दे,” ती म्हणाली. “दंडावरचे डाग मी फुकट नाही बघितले. गेल्या वर्षीचेही सांगते.”

फोनवर तेच गाणं लागलं होतं. नोरीन रिसीव्हर कानाशी धरून उभी होती. दुसरा हात तिने गल्ल्याच्या ओल्या फळीवर टेकला होता, उताणा, बोटं किंचित वाकवून, पाण्याखाली धरायची तसा. गाणं संपलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तिने हात काढला नाही.