कोरडा टॉवेल

"द्या की इकडे, मी काय घरी घेऊन जाणार आहे का?" असं म्हणत तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी माईकला हात घातला, आणि माईकवाल्याने तो नेहमीसारखा अलगद मागे घेतला.

"तुम्ही बोला साहेब, मी धरतो."

माईक कुणाच्या हातात द्यायचा नाही, हा त्याचा नियम होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पुढाऱ्याच्या हातात दिला होता, तो जेवणाची वेळ टळून गेली तरी परत मिळाला नव्हता. तेव्हापासून पालिकेच्या सभागृहात जनसुनावणी असली की तो खुर्च्यांमधून फिरायचा, हात वर दिसला की तिथे पोचायचा आणि बोलणाऱ्याच्या हनुवटीपासून दोन बोटं अंतर ठेवून माईक धरून उभा राहायचा. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. "ओ माईक" म्हटलं की तो वळायचा. बायको गेल्यापासून घरातही नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे तेच नाव अंगवळणी पडलं होतं.

आजची सुनावणी लाकडाच्या जुन्या वखारीच्या जागेबद्दल होती. वखार बंद पडून जमाना झाला होता. आत गवत माजलं होतं आणि भोवती पत्र्याचं कुंपण होतं. तिथे आता उंच इमारत उभी राहायची होती. व्यासपीठावरच्या पडद्यावर तिचं चित्र झळकत होतं. सगळी काच, खाली हिरवळ, आणि हिरवळीवर कधीच घाम न येणारी माणसं फिरत होती. आसपासच्या रहिवाशांनी आपलं मत सांगायचं होतं.

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ म्हणजे हरकतकाका. हे नाव कचेरीतल्या लोकांनी ठेवलेलं. पालिकेने एकदा बाग करायचं ठरवलं तेव्हा बागेलाही त्यांची हरकत होती. आज ते उन्हावर घसरले. "हिवाळ्यात आमच्याकडे ऊन येतं ते त्याच बाजूने. ते बंद झालं तर आम्ही काय चित्रातल्या उन्हात बसायचं?" त्यांच्या मागे एक शिक्षिकाबाई उठल्या. त्यांचा मुद्दा पाण्याचा. "आत्ताच आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. तुमच्या वरच्या लोकांना काय ढगातून नळ देणार आहात?" लोक हसले. किराणा दुकानदाराला मात्र इमारत हवी होती. गिऱ्हाईक वाढेल, तो उघडच म्हणाला. माईकवाला सगळ्यांसमोर सारखाच उभा राहिला. कुणाचं पटलं, कुणाचं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर कधीच दिसत नसे.

आज मात्र त्याला स्वतःलाच काही सांगायचं होतं. वखारीच्या अलीकडे, कर्मचारी वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. पलीकडे बरोबर समोर, चौथ्या मजल्यावर त्याच्या थोरल्या बहिणीची गॅलरी होती. ताई मुलाकडे राहायची. कानाने पार गेलेली. आयुष्यभर लोकांचा आवाज लांब पोचवणाऱ्या माणसाची सख्खी बहीण ठार बहिरी, यावर तो स्वतःच थट्टा करायचा. तिला फोनचा उपयोग नव्हता, आणि कानात यंत्र घातलं की डोक्यात गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं म्हणून ती ते काढून ठेवायची. जवळची अक्षरं तिला दिसत नसत, लांबचं मात्र लख्ख दिसायचं.

त्याची बायको गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात ताईने कपाटातून तांबड्या टॉवेलांची जोडी काढली आणि त्यातला एक त्याला दिला होता. "एकटा असतोस. सकाळी उठलास की हा कठड्यावर टाकत जा. मला कळेल."

"आणि तुझं मला कसं कळणार?" त्याने खुणा करून विचारलं.

"मी पण टाकेन की. तू बघ."

तेव्हापासून रोज सकाळी गवतावरून दोन तांबडे टॉवेल एकमेकांकडे बघत असत. एकदा तो तापाने फणफणला आणि टॉवेल टाकायचा राहिला. दुपारच्या आत दारावर थाप पडली. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ताई चार जिने उतरून, सगळा रस्ता वळसा घालून आली होती. आधी रागावली, मग रडली, मग तापाची गोळी दिली. घरी कुणाला तिने सांगितलं नव्हतं. "त्यांना कशाला? हसतील," म्हणाली. आता तर तिला जिना उतरणं जमतच नव्हतं. तो दर रविवारी जायचा, पण उरलेल्या आठवड्यात आपण उठलो की नाही याची वाट बघणारं एक माणूस जगात आहे, एवढ्यावर त्याचं चाललं होतं. मधे इमारत आली की तेही संपणार होतं.

दाढी करताना त्याने आठवडाभर दोन वाक्यं जुळवली होती. आपणही रहिवासी आहोत, आपणही बोलू शकतो, असं त्याने स्वतःला बजावलं होतं.

तेवढ्यात मधल्या रांगेत हात वर झाला. तो भाच्याचा होता. मामाला बघून तो ओळखीचं हसला आणि माईक जवळ येताच मोठ्याने बोलू लागला.

"समोर नुसतं रान आहे. साप निघतात, डास तर विचारू नका. बघण्यासारखं काय आहे तिथे? माझी आई दिवसभर गॅलरीत बसून त्या पडक्या वखारीकडे टक लावून असते. आम्हाला वाईट वाटतं हो. समोर बाग झाली, चार माणसं दिसली, तर तिचाही जीव रमेल. आमच्या सोसायटीचा पूर्ण पाठिंबा आहे."

टाळ्या पडल्या. माईकवाल्याच्या हातातला माईक भोंग्याकडे वळला आणि एक कर्कश शिट्टी निघाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. पोरगा काही वाईट बोलला नव्हता, आईच्या मायेनेच बोलला होता. म्हणूनच त्याला जास्त लागलं.

"आणखी कुणी?" व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघत विचारलं. एकही हात वर झाला नाही.

खुर्च्यांच्या मधे तो उभा होता. त्याने माईक स्वतःच्या तोंडाशी नेला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. काय सांगणार होता तो? की साहेब, इमारत बांधू नका, माझा टॉवेल दिसणार नाही? जुळवलेली वाक्यं कुठे गेली त्याला कळलं नाही. जन्मभर रिकाम्या सभागृहात जे म्हणत आला तेच तोंडातून बाहेर पडलं.

"हॅलो... हॅलो, चेक."

सभागृह खो खो हसलं. अधिकारीही हसले. "येतोय आवाज, येतोय. करा आता बंद."

त्याने बटण दाबलं.

वायर गुंडाळत असताना भाचा जवळ आला. "मामा, तुम्हाला काही बोलायचं होतं का?"

"छे रे. माईक बिघडलाय का बघत होतो."

"तुमची खोलीपण त्याच बाजूला ना? थोडे दिवस धूळ सोसावी लागेल बघा."

"सोसू," तो म्हणाला आणि वायरीला गाठ मारली.

काम सुरू झालं. आधी पत्रे गेले, मग गवत गेलं, मग खांब वर आले. ताईचा टॉवेल रोज दिसायचा, फक्त दोन खांबांच्या मधून, मग बांबूंच्या मधून, मग हिरव्या जाळीतून लालसर डागासारखा. एका सकाळी समोर विटांची भिंत होती. त्या दिवशी त्याने टॉवेल टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. मग एकदा उशीर झाला म्हणून राहिला, आणि भिंतीला कसली वर्दी द्यायची, म्हणून त्याने तो घडी करून कपाटात ठेवला.

त्यानंतरच्या एका रविवारी तो ताईकडे गेला. ती शेजारीच बसली होती, तरी भाचा नेहमीच्या आवाजात बोलत होता. ऐकू येत नसलं की माणूस खोलीत नाही असंच घरचे धरून चालतात.

"मामा, आईचं काहीतरी बिनसलंय. रोज सकाळी उठून टॉवेल वाळत घालते. कोरडा! काढायला गेलं की अंगावर येते. डॉक्टरांना दाखवावं का?"

सून म्हणाली, "समोर भिंत झाली तेव्हापासून जास्तच झालंय. दिवसभर तिथेच."

त्याने ताईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"डॉक्टर नको," तो म्हणाला. "टाकू दे तिला."

निघताना ताई भिंतीला धरत दारापर्यंत आली. बहिऱ्या माणसाला असतो तसा तिचा आवाज मोठा झाला होता. "टाकतोस ना रे?"

"काय टाकतोस?" भाच्याने विचारलं.

ताईला नीट दिसावं म्हणून त्याने मान चांगली खालपर्यंत हलवली, दोनदा. तिचं समाधान झालं. जिना उतरताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मधल्या मजल्यावर तो कठडा धरून थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कपाट उघडलं. घडी केलेला टॉवेल काढला, झटकला आणि गॅलरीत आला. समोर ओल्या सिमेंटची भिंत होती आणि तिला अजून एकही खिडकी नव्हती. त्याने टॉवेल कठड्यावर टाकला, दोन्ही टोकं सारखी केली, वाऱ्याने उडू नये म्हणून चिमटे लावले, आणि दाराला कुलूप घालून कामावर निघाला.