मशीन तापल्यावर

"थंड असलं का गाय, अन् तापलं का भूत," भीमसिंगनं काउंटरवर अ‍ॅम्प्लिफायर ठेवत म्हटलं. "पंधरा मिनिटं बरं चालते. मंग अशी बारीक शिट्टी मारते का पोट्टे कान धरून पयतात. काहून होत असन, शकीलभाई?"

कारण शकीलला तोंडपाठ होतं. मशीन तापलं की आतला धातू फुगतो आणि कुठेतरी तडकलेला सोल्डरचा डाग केसभर सुटतो. थंड झालं की पुन्हा साळसूदपणे चिकटून बसतो. आर्णीच्या बसस्टँडमागच्या या दुकानात त्यानं अशी कितीतरी भुतं उतरवली होती. रीत साधी होती. मशीन तापू द्यायचं, शिट्टी सुरू झाली की काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटात बुडवायचा आणि एकेका जागी लावत जायचं. जिथे गारवा लागताच शिट्टी थांबते, तिथे चोर. दुकानात मीटर होता, पण गिऱ्हाईक मीटरसाठी येत नसे. 'शकीलभाईचा कान' म्हणून येत असे.

आणि तो कान गेला होता. सगळा नाही, बोलणं, हॉर्न, ढोल व्यवस्थित ऐकू येत. बारीक आवाज तेवढे गेले होते. एका पावसाळ्यात रातकिडे ओरडलेच नाहीत असं त्याला वाटलं, आणि बायको, गौहर, म्हणाली की त्यांच्यापायी तिला झोप लागत नाही. जन्मभर स्पीकरला कान लावून बसल्याचं हे फळ. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. कानाची बातमी गावात पसरली तर दुकानात उरणार काय?

तरी दुकान चालत होतं, ते गौहरच्या कपाळावर. दुपारी ती डबा घेऊन यायची आणि समोरच्या स्टुलावर लसूण सोलत बसायची. शिट्टी सुरू झाली की तिच्या कपाळावर आठी पडे. थांबली की आठी मिटे. शकील कापूस फिरवत राही आणि चोरून त्या आठीकडे पाही. बायकोला काही कळत नाही, अशी त्याची समजूत होती.

पण या आठवड्यात गौहर घाटंजीला होती, लेकीच्या, फरहानाच्या बाळंतपणाला. निघताना बॅग उचलून म्हणाली होती, "बारीक काम आया तो रख देना. मैं आती फिर करते." आपले डोळे अधू झालेत असं तिला म्हणायचं असेल, असं त्याला वाटलं.

"ठेवून जा, पाहू चार दिवसांनी," तो भीमसिंगला म्हणाला.

"चार दिवस कुठचे? उद्या तीजचा शेवटचा दिवस हाय. माह्या पोरीचं, वर्षाचं दिवाळीनंतर लगन हाय, म्हंजे हे तिची शेवटचीच तीज. लग्न झालेली पोरगी तीजमंदी गाते काय? आमची याडी, माही माय, म्हणते, नातीचं गाणं अख्ख्या तांड्यानं ऐकलं पाह्यजे."

शकीलनं नाही म्हणायला हवं होतं. त्यानं मशीन काउंटरच्या आत घेतलं.

त्यानं मशीन तापवलं, कान लावला. आत शांतता होती की शिट्टी, ते देव जाणे. समोरच्या चहावाल्याला हाक मारून 'जरा ऐक' म्हणता आलं असतं. मग संध्याकाळपर्यंत सगळ्या आर्णीनं ऐकलं असतं. त्यानं संशय येईल तिथे नवा डाग दिला आणि झाकण लावलं.

"ऐकून पाह्यलं ना?" संध्याकाळी भीमसिंगनं विचारलं.

"पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेला. जेवणाचं आमंत्रण होतं, पण खरं म्हणजे घरी जीव रमत नव्हता. भीमसिंगच्या अंगणात मांडव होता, मधोमध गव्हाची कोवळी पिवळसर रोपं वाढलेल्या टोपल्या आणि भोवती नटलेल्या पोरी. वर्षानं माइक घेतला. पहिली दोन गाणी झकास झाली. शकीलला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या गाण्यात एका लहान पोरीनं कानावर हात ठेवले. मग तिच्या आईनं. बघता बघता सगळ्या मांडवाचे चेहरे आंबट झाले. शकीलच्या कानात मात्र वर्षाचा आवाज तेवढा होता, स्वच्छ आणि गोड. एवढ्या माणसांत आपण एकटेच कुठेतरी लांब बसलो आहोत, असं त्याला वाटलं.

वर्षा थांबली. तिनं माइक उलटापालटा करून पाहिला.

"शकीलभाई, शिट्टी वाजून राह्यली ना," भीमसिंग म्हणाला. "ऐकू नाही येत काय?"

माणसं सहज म्हणतात तसं तो म्हणाला होता. स्पीकर गेला म्हणून सांगावं आणि गाडीला किक मारावी, हे शकीलच्या मनात येऊन गेलं. त्यानं पुन्हा वर्षाकडे पाहिलं.

"नाही येत, भाऊ," तो म्हणाला. "बारीक आवाज मले ऐकूच येत नाही. कोणीतरी समोर बसा. शिट्टी थांबली का हात वर करा."

भीमसिंगची आई सुखीबाई खाटेवरून म्हणाली, "मले बी कुठं येते, बेटा? हे कोन्त्या शिट्टीचं म्हणून राह्यले?"

वर्षानं माइक खाली ठेवला आणि ती मशीनसमोर येऊन बसली. शकीलनं झाकण उघडलं, कापूस भिजवला. एक जागा, दुसरी, तिसरी. सवयीनं तो तिच्या कपाळाकडे पाहत होता, आणि तेव्हा एकदम त्याच्या लक्षात आलं की गौहर इतकी वर्षं दुकानात काही लसूण सोलायला येत नव्हती. त्याच्या हातातली काडी थांबली.

वर्षाचा हात वर गेला होता.

त्यानं मशीन बंद केलं, त्या जागी डाग दिला, पुन्हा चालू केलं. हात वरच राहिला.

"शकीलभाऽई," भीमसिंग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "च्या घेता काऽय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. उद्यापासून आर्णीत सगळे असेच बोलणार होते.

"घेतो," शकील हळू म्हणाला.

वर्षानं गाणं पुन्हा सुरू केलं. मशीन तापत होतं. तिनं एका हातात माइक धरला होता, आणि दुसरा हात, गाणं संपेपर्यंत, शकीलला दिसेल असा वर धरला होता.